साडेसहा बाय आठ फुटांचे स्वयंपाकघर : ओटा न फोडता घरच्या घरी नूतनीकरण

साडेसहा_बाय_आठ (धागालेखक)

नमस्कार. आम्ही डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमचे स्वयंपाकघर साडेसहा फूट रुंद आणि आठ फूट लांब आहे. लांबीच्या भिंतीला लागून कडाप्प्याचा सरळ ओटा आहे. त्याच्या खाली कडाप्प्याच्याच उभ्या फळ्यांनी चार कप्पे पाडलेले आहेत : एकात सिंकचा पाइप, एकात सिलिंडर आणि उरलेल्या दोहोंत वर्षानुवर्षे साठलेले डबे. मागच्या कप्प्यातली कढई काढायची झाली की आईला जमिनीवर बसून हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो, आणि खरे सांगायचे तर या कामाला निमित्त झाले ते तेवढेच.

मी गवंडी नाही की सुतारही नाही. ड्रिल, चार इंची कटर, ओळंबा आणि गुण्या एवढी अवजारे घरी आहेत, आणि न्हाणीघरातल्या चार फरश्या मी पूर्वी स्वतः बदलल्या आहेत. दोन ठेकेदारांना बोलावून पाहिले. दोघांनीही दारातूनच आत नजर टाकून ‘सगळे फोडावे लागेल’ असे सांगितले, मात्र का फोडावे लागेल याचे कारण एकालाही नीट देता आले नाही. शक्य तेवढे काम शनिवार-रविवारी स्वतः करावे, असा माझा विचार आहे. ओट्यावर ग्रॅनाइट, ओट्यामागे दोन फूट उंचीच्या नव्या टाइल्स, नवे सिंक आणि दोन कप्प्यांत खण, एवढे करायचे आहे. आपल्यापैकी कोणी हे केले असल्यास कोठून सुरुवात करावी आणि कशाला हात लावू नये, हे सांगावे.

ओळंबा

बांधकामाच्या साइटवर माझी पंचवीस वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘सगळे फोडावे लागेल’ हे वाक्य बहुधा कामाच्या सोयीसाठी बोलले जाते, गरज असतेच असे नाही. ओटा फोडायचा की ठेवायचा, हे ठरवण्यासाठी तासाभराची तपासणी पुरते. कडाप्प्याची प्रत्येक उभी फळी हाताने हलवून पाहावी. ती जमिनीत आणि भिंतीत घट्ट असेल, तर तिला हात लावण्याचे कारण नाही. वरच्या लादीला सिंकच्या कोपऱ्यांपासून निघालेली चीर आहे का, ते खालून विजेरी लावून बघावे, कारण चीर पडते ती तेथेच. त्यानंतर ओट्याच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या नळीने लेव्हल तपासावी. लेझर लेव्हल असेल तर उत्तम, पण दहा फूट पारदर्शक नळी आणि तांब्याभर पाणी यांनी तेच काम तितक्याच अचूकपणे होते. नळीत बुडबुडा राहिला नाही, एवढे मात्र पाहावे.

जुन्या टाइल्स चमच्याच्या दांड्याने ठोकून पाहाव्यात. आवाज भरीव येत असेल, तर त्यांच्यावरच नव्या टाइल्स बसवता येतात, आणि पोकळ आवाजाच्या तेवढ्या काढून ती जागा सिमेंटने भरून घ्यावी. दहापैकी चार-पाच पोकळ निघाल्या, तर मग खरोखरच सगळ्या काढाव्या लागतील.

आता हात कशाला लावू नये, ते सांगतो. कॉलम आणि बीम यांना तर नाहीच, शिवाय सिंकची जागाही हलवू नये. आपल्या सिंकखाली खालच्या घराचे सिंक असते, म्हणूनच गळती झाली तरी ती निदान स्वयंपाकघरात होते. सिंक दुसऱ्या भिंतीकडे नेले की सांडपाण्याच्या पाइपाला उतार पुरत नाही. दर ४० इंचांना साधारण १ इंच उतार धरावा. सहा फूट लांब नेलेला पाइप त्या हिशेबाने जवळपास दोन इंच खाली उतरतो आणि त्यासाठी फरशीखालचा कोबा खोदावा लागतो. तेथून पुढे खालच्या मजल्याशी भांडण सुरू होते. सोसायटीला कामाचे लेखी पत्र द्यावे आणि कामाचे तास त्यात लिहून टाकावेत.

मिसळणाचा_डबा

ओळंबा यांनी सांगितलेले सर्व मान्य आहे, पण ग्रॅनाइटचा रंग पाहायला जाण्यापूर्वी ओट्याची उंची मोजा, असे मी म्हणेन. आमच्याकडे सर्व काही सुंदर झाले आणि ओटा ३४ इंचांचा झाला, कारण करणाऱ्याला तीच उंची सवयीची होती. पिठले ढवळताना माझा खांदा कानाला लागतो.

ज्या व्यक्तीचे हात ओट्यावर सर्वांत जास्त चालतात, तिला घरातल्या चपला घालून उभे करावे, कोपर वाकवायला सांगावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. ओटा त्याहून १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. ओट्यावर शेगडी ठेवणार असाल, तर तिची स्वतःची चार इंच उंची आणि वर पातेल्याची उंची त्यात मिळवून पाहावी. भाजी चिरायला बरा वाटणारा ओटा दूध उतू जाताना पातेल्यात डोकावायला उंच पडतो. अर्ध्या इंचाचा फरक कागदावर हास्यास्पद वाटेल, पण रोज तीन तास उभे राहिल्यावर तो कमरेला बरोबर कळतो.

साडेसहा_बाय_आठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मोजमाप घेतले, आणि त्यातून अनपेक्षित गोष्ट हाती लागली.

आईची उंची १४७ सेंटिमीटर आहे आणि तिचे कोपर जमिनीपासून ९२ सेंटिमीटरवर येते. म्हणजे तिच्यासाठी ओटा ७७ ते ८२ सेंटिमीटरच्या दरम्यान हवा. आमचा सध्याचा ओटा साडेतीस इंच, म्हणजे साडेसत्याहत्तर सेंटिमीटर आहे. उभ्या फळ्या घट्ट आहेत, वरच्या लादीला चीर नाही आणि आठ फुटांत लेव्हलचा फरक अवघा दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आहे. कडाप्पा न काढता त्यावरच १८ मिलिमीटर जाडीचे ग्रॅनाइट साधारण ७ मिलिमीटरच्या मसाल्यावर बसवले, तर ओटा अडीच सेंटिमीटर वाढून बरोबर ८० सेंटिमीटर होतो. दोन सुतांचा उतारही मसाल्यातच जिरतो. फोडले असते, तर फळ्या पुन्हा उभ्या करून मी याच उंचीला आलो असतो.

माझे स्वतःचे कोपर १०८ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे संध्याकाळची पोळ्यांची पाळी असलेल्या मला हा ओटा ठेंगणाच पडणार. पण दोघांच्या मधली उंची काढली, तर ती दोघांनाही गैरसोयीची होईल. त्यामुळे आईची उंची पक्की केली आहे.

मिसळणाचा_डबा

योग्य केलेत. आपल्यासाठी चार-पाच इंच उंचीची एक बुटकी लाकडी घडवंची करून घ्या आणि पोळपाट तिच्यावर ठेवा. काम झाले की ती उभी करून भिंतीला टेकवता येते.

फेज_न्यूट्रल

मी परवानाधारक वायरमन आहे. आपल्या यादीत विजेचा उल्लेखच नाही, म्हणून लिहीत आहे, कारण बहुतेक लोकांना टाइल्स बसून झाल्यावर मिक्सरच्या प्लगची आठवण होते.

२००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती चालवणे म्हणजे सॉकेट वितळण्याची वाट पाहणे आहे. ओट्यावर १६ अँपिअरची किमान दोन सॉकेट असावीत, त्यांना २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी आणि ती मीटरकडच्या पेटीतून स्वतंत्र एमसीबीवरून (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आलेली असावी. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. ते आधी तपासून घ्यावे. पाण्याजवळच्या जागेसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवण्यात काटकसर करू नये, कारण एमसीबी वायर वाचवतो आणि आरसीसीबी माणूस वाचवतो. सॉकेट सिंकपासून जितके लांब ठेवता येतील तितके ठेवावेत.

हे काम मात्र स्वतः करू नये. भिंतीत झिरी पाडणे आणि काम झाल्यावर ती बुजवणे आपण करा, त्यात मजुरी वाचेल. वायर ओढणे, जोडणे आणि तपासणे परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्या.

साडेसहा_बाय_आठ

झिरी मीच पाडली, आणि त्या धुळीबद्दल एक सूचना : कटर चालवताना साधा रुमाल पुरत नाही. सिमेंट आणि टाइलच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते, तेव्हा चांगला मास्क आणि चश्मा घालून, पाण्याची धार सोडत काम करावे. कटर विजेवर चालतो, म्हणून पाणी बेताने सोडावे. आमच्याकडे फ्रिजच्या मागेही लाल चिखलाचे शिंतोडे सापडले. वायरिंगचे काम वायरमनने दीड दिवसात पूर्ण केले.

आता प्रश्न खणांचा आहे. दोन्ही कप्पे मला चौकोनी वाटत होते, परंतु मोजल्यावर पहिला कप्पा वर १७ इंच ३ सूत आणि खाली १६ इंच ७ सूत भरला. तयार ट्रॉली यात बसेल का?

शनिवारचा_सुतार

मापे वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यावीत, शिवाय पुढे एकदा आणि मागे एकदा. त्यांपैकी जे सर्वांत लहान भरेल, ते खरे माप समजावे. उभी केलेली लादी ओळंब्यात क्वचितच असते. आपल्याकडे अर्ध्या इंचाचा फरक आहे, म्हणून वरच्या मापाची ट्रॉली घेतलीत, तर ती खाली अडकेल.

कडाप्प्यावर चॅनेल (ज्यावर खण सरकतो ती पट्टी) थेट स्क्रू करू नये. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्या लावाव्यात आणि जेथे फट पडेल तेथे मागे पातळ पॅकिंग देऊन त्या ओळंब्यात आणाव्यात. आपले सर्वांत लहान माप ४२८ मिलिमीटर धरू. दोन पट्ट्यांचे २४ गेले की ४०४ उरतात. टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूस १३ मिलिमीटर जागा लागते. ती वजा केल्यावर खणाची बाहेरची रुंदी ३७८ मिलिमीटर येते. कप्प्याच्या मानाने दोन इंच वाया गेले असे वाटेल, पण मागची कढई पुढे येते.

कडाप्प्याला भोके पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, नाहीतर फळीचा पापुद्रा पलीकडून निघतो. दगडाचे बिट, कमी वेग आणि मधूनमधून दोन थेंब पाणी, एवढे सांभाळले की भोके स्वच्छ पडतात. प्लाय आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचे भारतीय मानक) शिक्का असलेला घ्यावा. शिक्क्यावर विसंबायचे नसेल, तर एक तुकडा काही तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते पाहावे. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) सिंकच्या शेजारी अजिबात वापरू नये, कारण पाणी लागले की ते फुगते आणि फुगलेले पुन्हा बसत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेला, दिसत नसलेल्या मागच्या कडेलासुद्धा, पट्टी किंवा निदान वॉर्निशचे दोन हात द्यावेत.

साडेसहा_बाय_आठ

गेल्या रविवारी ग्रॅनाइट बसले. हे काम एकट्याचे नाही, हे आधीच लिहून ठेवतो. आठ बाय दोन फुटांचा १८ मिलिमीटरचा दगड सिंकचा भाग वजा जाताही साठ किलोंच्या वर भरतो. दुकानदाराच्या सल्ल्याने सिंकच्या मध्यावर जोड येईल असे दोन तुकडे करून घेतले आणि चौघांनी ते उभे धरून जिना चढवले. आडवा धरलेला दगड स्वतःच्याच वजनाने सिंकपुढच्या अरुंद पट्टीत मोडतो. सिंक जुन्याच मापाचे, पण ३०४ दर्जाच्या पोलादाचे घेतले, त्यामुळे कडाप्प्याचे भोक वाढवावे लागले नाही.

दोन गोष्टी दुकानातच सांगून करून घेतल्या. एक म्हणजे, पुढची कड कडाप्प्याच्या एक इंच बाहेर काढून तिच्या खालच्या अंगाला पागोळीची खाच पाडून घेतली. ओट्यावरून ओघळणारे पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते आणि खणांच्या दर्शनी फळ्यांवर जात नाही. दुसरे म्हणजे, गॅसच्या नळीचे भोक कडाप्प्यातल्या जुन्या भोकाशी तंतोतंत जुळवून त्याची कड घासून गोल करून घेतली, शिवाय आत रबरी बुश घातले. नाहीतर दगडाच्या धारेवर नळी रोज घासत राहिली असती.

कडाप्पा हा चुनखडीचा दगड असल्याने त्यावर लिंबाचे आणि कोकमाचे पांढरे डाग कायमचे उमटलेले होते. आई त्यांना ‘नकाशा’ म्हणत असे. ग्रॅनाइटवर ती भीती नाही.

आता मात्र अडचण आली आहे. ओट्यामागची भिंत आठ फूट लांब आहे. एक बाय दोन फुटांच्या टाइल्स उभ्या लावायच्या, म्हणून आठ टाइल्स पुरतील असा माझा सरळ हिशेब होता. कोरड्याच मांडून पाहिल्या, तर उजव्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटरांहून थोडी जास्त फट उरते. भिंत दोनदा मोजली, ती आठ फूटच आहे.

ओळंबा

भिंत बरोबर आहे आणि टाइलही बरोबर आहे. दुकानात ‘एक फूट’ म्हणून मिळते ती टाइल ३०० मिलिमीटरची असते, तर फूट ३०४.८ मिलिमीटरचा. आपली भिंत २४३८ मिलिमीटर आहे. दोन मिलिमीटरचा सांधा धरून आठ टाइल्सना २४१६ मिलिमीटर लागतात, म्हणजे २२ मिलिमीटर उरले. एवढी बारीक चीप कापताना तुटते, आणि बसली तरी कोपऱ्यातून कायम डोळ्यांवर येते.

भिंतीचा मध्य काढून पहिल्या टाइलचा मध्य त्यावर आणावा. मग सात टाइल्स पूर्ण बसतील आणि दोन्ही टोकांना साधारण १६० मिलिमीटरचे सारखे तुकडे येतील. एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत, म्हणून एकूण नऊ टाइल्स लागतील, आणि दोन फुटीसाठी जादा आणाव्यात. एकाच बॅचच्या आणाव्यात, नाहीतर रंगात फरक येतो.

जुन्या टाइल्सची चकाकी कटरने किंवा खरकागदाने घासून मोडावी, वरचा तेलकटपणा सोड्याच्या पाण्याने धुऊन काढावा आणि टाइलवर टाइल बसवण्यासाठीचा ॲडहेसिव्हच वापरावा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटला ती नीट धरत नाही. टाइल आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट सोडून ती शेवटी सिलिकॉनने भरावी. तेथे ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरायचा मसाला) भरले, तर काही महिन्यांत त्याला तडा जातो.

मिसळणाचा_डबा

सांध्यांत पांढरे सिमेंट भरू नका, एवढी विनंती. हळद लागली की ते पिवळे पडते आणि कितीही घासले तरी पूर्ववत होत नाही. इपॉक्सी ग्राउट महाग असले तरी या दोन फुटांच्या पट्ट्यासाठी जरूर घ्या. ते लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी वाटीभरच कालवावे आणि टाइलवर सांडलेले लगेच पुसून घ्यावे. दुसऱ्या दिवशी ते निघत नाही.

शनिवारचा_सुतार

सिलिंडरच्या कप्प्याला दार लावणार आहात का? लावणार असाल, तर दाराला खाली जाळी ठेवा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. वरच्या बाजूला ठेवलेली शोभेची जाळी त्या वेळी उपयोगाची नाही. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस याउलट हलका असून वर चढतो, म्हणून त्या घरांत वरची हवा खेळती हवी. नळी तारेचे जाळे असलेली सुरक्षा नळीच घ्या, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायची म्हणून बसवल्याची तारीख दाराच्या आत लिहून ठेवा.

साडेसहा_बाय_आठ

दाराला खाली सहा इंचांची जाळी लावली आणि तारीखही लिहिली.

टाइल्स बसल्या, आता झालेल्या चुकांबद्दल लिहितो. टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून भिंत सुमारे १४ मिलिमीटर पुढे आली, आणि नळाची भिंतीतली चुडी (नळ फिरवून बसवायचे आट्यांचे तोंड) तेवढीच आत गेली. नवा नळ फिरवला, तर त्याला दोनच आटे मिळत होते. एक्स्टेंशन निपल आणून, टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे देऊन नळ बसवला. हे टाइल्स लावण्यापूर्वी लक्षात आले असते, तर निपलभोवती टाइलचे भोक नेटके कापता आले असते. आता तेथे नळाची रुंद चकती झाकण म्हणून लावली आहे. स्विचबोर्डांचेही असेच झाले असते, पण वायरमनने पेट्या आधीच पुढे काढून ठेवल्या होत्या.

सिंक जोडल्यावर ते काठोकाठ भरून, खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवले. सकाळी कागदावर रुपयाएवढा ओला डाग होता. कपलिंग उघडले, तेव्हा रबरी वॉशर मी वरच्या बाजूऐवजी खाली घातल्याचे आढळले. तो बदलून पुन्हा रात्रभर पाणी भरून ठेवले, तेव्हा कागद कोरडा राहिला. पाइप भिंतीत शिरतो तेथली फटही बुजवून टाकली, कारण झुरळांचा राजमार्ग तोच होता.

डेब्रिज फक्त तीन गोणी निघाले.

फेज_न्यूट्रल

आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहत जा. बटण दाबताच वीज गेली नाही, तर तो बदलावा.

ओळंबा

टाइल्स बसवून आठवडा झाला असल्यास सर्व टाइल्स पुन्हा एकदा ठोकून पाहाव्यात आणि निकाल येथे लिहावा.

साडेसहा_बाय_आठ

ठोकून पाहिल्या. सात पूर्ण टाइल्स भरीव आहेत. डावीकडचा तुकडाही भरीव आहे. उजव्या टोकाच्या तुकड्याचा वरचा कोपरा मात्र तळहाताएवढ्या भागात पोकळ वाजतो. तो शेवटी बसवला होता, अंधार पडत आला होता आणि ॲडहेसिव्हवर साय धरली होती, तरी नवा कालवण्याचा कंटाळा केला. आपण काय कराल?

ओळंबा

शेगडीच्या मागे किंवा सिंकच्या वर असता, तर काढायला सांगितला असता. कोरड्या कोपऱ्यात आहे, तेव्हा राहू द्यावा. त्या जागी भोक मात्र पाडू नये, टाइल तडकेल.

साडेसहा_बाय_आठ

राहू दिला आहे. ‘उजवा वरचा कोपरा पोकळ, येथे ड्रिल करू नये’ असे माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले. खालचे दोन्ही खण पूर्ण बाहेर येतात. आईने पहिल्या खणात कढया ठेवल्या आणि दुसऱ्यात, मी नको म्हणत असताना, रिकाम्या बरण्या.